चौथ्या दिवसाचा फोन

"आबा, तुम्ही जायचं न्हाई म्हंजी न्हाई!"

खुंटीवरचा फेटा ओढून घेत सायली दारातच आडवी उभी राहिली. दौंडहून पहिल्या एसटीने ती आली होती, अजून पाण्याचा घोटही घेतला नव्हता, आणि डोळे मात्र काठोकाठ भरले होते... मारुतरावांनी लेकीकडे पाहिले, हातातल्या सदऱ्याची घडी मोडली आणि शांतपणे म्हणाले,

"पोराचा सत्कार हाय शिरूरला. बापच गेला न्हाई तर लोकं काय म्हणतील?"

"लोकं! लोकं काय म्हणत्यात ते ठाव न्हाई व्हय तुम्हाला? अख्खा तालुका तुम्हाला दगड म्हणतोय, आबा! आन् ज्यानं म्हणायला लावलं त्याच्याच गळ्यात हार पडताना बघायला निघालाय तुम्ही?"

मारुतराव सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिले. सत्तरी ओलांडलेला, घोड नदीच्या काठी उभे आयुष्य झेंडू आणि कांद्यात घातलेला हा माणूस मुळात कमी बोलणारा; आणि गेल्या अकरा वर्षांत तर त्याने बोलण्यासारखे जे काही होते ते सारे गिळूनच टाकले होते.

"दे तो फेटा," ते म्हणाले. "नऊ वर्सांनी येतोय त्यो. लांबनं का व्हईना, बघंन तरी."

सायलीने फेटा दिला. बापाच्या त्या एका वाक्यापुढे तिचा सारा संताप विरघळला आणि ती पदरात तोंड खुपसून हुंदके देऊ लागली...

रविराज हा मारुतरावांचा थोरला. शेतात त्याचा जीव कधी रमलाच नाही. शिरूरच्या कॉलेजात तो नाटके लिहायचा, बसवायचा, आणि घरी आला की चुलीपुढे बसून सगळी पात्रे आईला वाचून दाखवायचा. शेवंताबाईला अक्षरओळख नव्हती, पण ती भाकरी थापता थापता एखाद्या वाक्याशी थांबायची आणि म्हणायची, "ही बाई एवढं बोलायची न्हाई रं. गप बसंल ती." रविराज चिडायचा, वाद घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते वाक्य मुकाट्याने खोडायचा.

चोविसाव्या वर्षी हॉटेलच्या कामाचा कोर्स करायला म्हणून तो कॅनडाला गेला. खरी ओढ सिनेमाची होती, ती फक्त आईला ठाऊक होती. टोरांटोच्या एका हॉटेलात भांडी घासत, जेवणाच्या सुट्टीत कोठीत बसून, परक्या भाषेत अडखळत अडखळत त्याने पटकथा लिहायला सुरुवात केली. त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात, सोबतच्या भांडीवाल्यांना घेऊन त्याने पहिला छोटा सिनेमा केला. तो कुठल्याशा महोत्सवात दाखवला गेला, लोकांनी पाठ थोपटली, आणि पुन्हा भांडी सुरू झाली. निर्माते त्याला म्हणत, तुझे उच्चार कळत नाहीत. कुणी म्हणे, तुझी गोष्ट इथली नाही. कुणी म्हणे, तिथलीही नाही. दर रविवारी तो फोनवर आईला नवी पटकथा मराठीत करून सांगायचा, आणि झेंडूच्या वाफ्यात पाठमोरी बसलेली शेवंताबाई हसत हसत सात समुद्रापलीकडच्या माणसांची वाक्ये दुरुस्त करायची! मारुतराव शेजारून बादली घेऊन जाताना ऐकायचे. माय-लेकरांच्या त्या जगात त्यांना जागा नव्हती, पण त्याचे त्यांना वाईट कधी वाटले नाही.

सहाव्या वर्षी नशीब उघडले. मोठ्या सिनेमाला निर्माता मिळाला, शूटिंगची तारीख ठरली... आणि त्याच दिवाळीत शेवंताबाईच्या पोटात दुखायला लागले.

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मारुतरावांना बाजूला घेऊन सांगितले तेव्हा आजार पोटभर पसरलेला होता. दोन महिने, फार तर तीन! मारुतराव तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितले, कारण तिच्याशी खोटे बोलणे त्यांना जमत नसे. ती छताकडे बघत म्हणाली,

"रवीला कळवायचं न्हाई."

"येड लागलं का तुला?"

"त्याचं कागद पक्कं झाल्यालं न्हाईत अजून. त्यानंच सांगितलंय मला, आत्ता देश सोडला तर परत घेत्याल का न्हाई, भरवसा न्हाई. सहा वर्सं भांडी घासली पोरानं, अवो! आत्ता कुठं त्याच्या हातात पिच्चर आलाय. मी मरणारच हाय. तो आला तरी मरणार, न्हाई आला तरी मरणार. मग त्याचं का मारायचं?"

"शेवंते, त्यो मला जल्मात माफ करायचा न्हाई..."

"तुम्हाला न्हाई करणार," ती म्हणाली, आणि तिच्या निस्तेज डोळ्यांत एकाएकी पाणी तरळले. "म्हणून तर तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ घालती. शूटिंग संपस्तवर त्याला कळता कामा नये. आन् मी सांगितलं हुतं हे तर कवाच न्हाई!"

सायलीचे नुकतेच दौंडला लग्न झाले होते. ती उशाशी बसून हे ऐकत होती. आईने तिलाही शपथ घातली.

जमेल तोवर शेवंताबाई दर रविवारी उशी पाठीशी घेऊन बसायची आणि खणखणीत आवाजात लेकाशी बोलायची. फोन ठेवला की घामाने थबथबून जायची. जानेवारीत तिचा आवाज खोल गेला, आणि मग मारुतरावांनी आयुष्यातले पहिले मोठे खोटे सांगितले... "आई पाबळला गेलीया मावशीकडं. तिथं रेंज न्हाई." पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी, दौंडच्या दवाखान्यात, शेवंताबाई गेली.

रविराजचे शूटिंग शनिवारी संपायचे होते. मारुतरावांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला, सावडले, माणसांचे हंबरडे ऐकले, आणि चौथ्या दिवशी, रविवारी, फोन लावला.

पलीकडून एक असा आवाज आला, की मारुतरावांना वाटले, पोराच्या छातीत काहीतरी तुटले! "का नाही सांगितलंत?" तो ओरडत होता. "आबा, का? मी आलो असतो!... पोहत आलो असतो!" आणि मारुतराव, ज्यांचे अंतःकरण त्या क्षणी विदीर्ण होत होते, शपथेने बांधलेले मारुतराव दुसरे काय बोलणार होते? कोरड्या आवाजात ते म्हणाले,

"तू येऊन काय करणार हुतास? माझी बायकू हुती. मी बघितलं."

हेच वाक्य पुढे सिनेमात आले.

तो पहिला मोठा सिनेमा बरा चालला; पण रविराजला जगभर नाव मिळवून दिले ते दुसऱ्याने. तो त्याने मराठीत केला, तिथेच, बर्फात उभारलेल्या एका खोट्या गावात. परदेशात राबणारा मुलगा, खेड्यात मरणारी आई, आणि चौथ्या दिवशी फोन करणारा बाप. त्या बापाच्या तोंडी ते वाक्य आले की म्हणे टोरांटोतल्या गोऱ्या बायासुद्धा डोळे पुसायच्या. बक्षिसांवर बक्षिसे मिळाली. मग तो सिनेमा मोबाइलवर आला, आणि गावात ज्याच्या त्याच्या हातात मारुतराव दिसू लागले! चहाच्या टपरीवर कुणी कुणाला निरोप द्यायला विसरले की दुसरा हसत म्हणायचा, "तू येऊन काय करणार हुतास?" मारुतराव शेजारच्या बाकावर असले तर टपरीवाला गेणबा त्याला डोळ्यांनी दटावायचा. मारुतराव चहा संपवून उठायचे.

मधल्या काळात रविराज एकदाच, दोन तासांसाठी, घरी आला होता. आईच्या फोटोपुढे बसला, सायलीशी बोलला, आणि बापाच्या हातचे पाणीसुद्धा न पिता निघून गेला...

शिरूरच्या सभागृहात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. सत्कार समितीचे साहेबराव मोठ्या अगत्याने पुढे आले आणि त्यांनी मारुतरावांना पहिल्या रांगेत बसवले. व्यासपीठावर रविराज होता. कानशिलांवर पांढरे केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळे... मारुतरावांना वाटले, किती थकलाय हा! चाळिशीत असा दिसायला लागला! त्याने एकदा खाली पाहिले, बापाला ओळखले आणि नजर काढून घेतली.

सिनेमातला तेवढा प्रसंग पडद्यावर दाखवला. ते वाक्य आले. सभागृहातून हळहळीचा एक लांब उसासा उठला आणि कितीतरी डोकी पहिल्या रांगेकडे वळली. साहेबरावांच्या मनात वाईट नव्हते. पण हातात माइक असला की माणसाला राहवत नाही. ते म्हणाले,

"मंडळी, पिच्चरमधलं ते कठोर वडील आज आपल्यात हायेत बरं का! मारुतराव, दोन शब्द बोला तुम्हीबी."

लोक हसले. रविराजने मान खाली घातली. सायली ताडकन उठू लागली, तसा मारुतरावांनी तिचा हात दाबला आणि स्वतः उभे राहिले. माइक त्यांनी तोंडापासून जरा लांबच धरला.

"मला बोलता येत न्हाई," ते म्हणाले. "पोरानं जे बघितलं ते दाखवलं. खोटं काय न्हाई त्यात. त्याच्या आईला लई आवडलं असतं."

ते खाली बसले. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणालाच कळेना.

कार्यक्रम संपल्यावर व्यासपीठामागच्या खोलीत रविराज शाली आणि नारळ आवरत होता. बाहेर पुण्याची गाडी तयार होती. सायली बापाला हाताला धरून आत घेऊन आली, दार लावून घेतले, आणि अकरा वर्षे घशात अडकलेला हुंदका तिच्या तोंडून फुटला.

"दादा, लाज वाटली न्हाई तुला? भरल्या सभेत तुझ्या बापाला लोकं हसली आन् तू बसून राह्यलास!"

"सायली, मी त्यांना बोलावलं नव्हतं," रविराज थकलेल्या आवाजात म्हणाला. "आणि सिनेमात जे आहे ते घडलेलं आहे. त्यांनी स्वतःच सांगितलं आता."

"त्यांनी सांगितलं! त्यांनी सांगितलं म्हणून खरं व्हय?" ती किंचाळली. "आईनं न्हाई सांगू दिलं रं तुला! आबांनी न्हाई, आईनं! तुझा पिच्चर बुडंल, तुझं कागद जातील, म्हणून स्वतःच्या गळ्याची शपथ घातली तिनं त्यांना. माझ्यासमोर घातली!"

"सायले, गप बस!" मारुतराव ओरडले.

"न्हाई बसत! लई बसले!"

रविराज जागीच थिजला. हातातली शाल खाली पडली. त्याने बापाकडे पाहिले, आणि बापाने नजर चुकवली. त्या चुकवलेल्या नजरेतच त्याला उत्तर मिळाले.

"आबा... खरं हे?" आणि मग, नकळत, कित्येक वर्षांनी त्याच्या तोंडून घरची भाषा आली. "मग मला सांगितलं का न्हाई तुम्ही? नंतर तरी?"

मारुतरावांनी खाली पडलेली शाल उचलली.

"तू तिच्यावर रागावला असतास," ते म्हणाले. "तिच्या माघारी. आन् गेलेल्या माणसाला काय समजूत काढता येती व्हय? मी जिता हुतो. माझ्यावर राग धरलास तर चालत हुतं."

रविराज कोसळलाच. बापाच्या पायांशी बसून, त्या धुळकट धोतरात तोंड लपवून तो लहान लेकरासारखा रडू लागला. "काय केलं मी, आबा!... जगभर हिंडवलं तुमचं नाव... काय केलं हे!" मारुतरावांचा खरबरीत हात लेकाच्या केसांवर गेला. याच स्पर्शासाठी म्हाताऱ्याचा जीव अकरा वर्षे व्याकुळ झाला होता! सायली रडता रडता हसत होती. सगळे संपले होते, सगळे मिळाले होते... आता फक्त गप्प राहायचे होते.

पण मारुतरावांना गप्प राहवेना. पोर पाया पडत होते ते ज्याच्या, तो माणूस आपण नव्हे, हे त्यांना एकट्यालाच ठाऊक होते.

"ऊठ, रवी," ते म्हणाले. "सायलीला बी ठाव न्हाई असं एक हाय. ते ऐक, आन् मग काय ते ठरव."

दोघांनीही वर पाहिले.

"त्या गुरुवारी सायली डबा आणाया घरी गेली हुती. तुझी आई जागी झाली. म्हणली, रवीला फोन लावा. मला आवाज ऐकू द्या त्याचा." मारुतरावांनी आपल्या रिकाम्या तळव्याकडे पाहिले. "फोन हातातच हुता माझ्या. मी लावला न्हाई."

"का?" रविराजचा आवाज जेमतेम उमटला.

"वाटलं, तुझा आवाज ऐकला की हिला रडू फुटंल. तुला कळंल. दोन दीस राह्यल्यात शूटिंगचं, एवढं सगळं केलं ते वाया जाईल... मी म्हणालो, तिकडं रात हाय, झोपला असंल त्यो. तू बी वाईच पड, उठलीस की लावू. ती व्हय म्हणली, आन् झोपली." त्यांनी फेटा काढून हातात घेतला. "ती उठलीच न्हाई, रवी. तुझ्या पिच्चरमधला बाप खोटा न्हाई. म्हणून मी कवा बोललो न्हाई."

रविराज सावकाश उठला, मागे सरला, भिंतीला लागला.

"एक फोन, आबा..." तो पुटपुटला. "एक!"

आणि दार उघडून तो निघून गेला. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

घरी येऊन अंगणात उतरल्यावर सायलीला राहवले नाही.

"का सांगितलंत, आबा? आला हुता की त्यो तुमचा तुम्हाला!..."

"चुकून आला हुता, बाय," मारुतराव म्हणाले. "तसा न्हाई ठेवता येत."

ते झेंडूच्या वाफ्यात जाऊन बसले. ऊन उतरत होते. आपण योग्य केले की अयोग्य, हा प्रश्न ते त्या गुरुवारपासून रोज स्वतःला विचारत आले होते, आणि आजही उत्तर तेच होते... ठाऊक नाही. शपथ पाळली म्हणावे, तर मरणारीने स्वतःच ती मोडायला सांगितली होती. मोडली असती, तर कदाचित पोराचे सगळे धुळीला मिळाले असते. आणि नसतेही मिळाले! एका आवाजाने काय बिघडणार होते? किती साधे मागणे होते तिचे...

कांद्याच्या वावरापलीकडून कुणीतरी चालत येत होते. गाडी फाट्यावरच सोडली असावी. बुटांना चिखल लागलेला, खांद्यावर काही नाही, हातात काही नाही. रविराज बांधावर थांबला. मग पुढे येऊन बापापासून हातभर अंतरावर मातीतच बसला.

"मी रांजणगावपर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "तिथून परत फिरलो."

मारुतरावांनी वाफ्यातले एक तण उपटले.

"तुम्ही तुमचं सांगितलंत. माझं राहिलं होतं." तो जमिनीकडे बघत होता. "पाबळला रेंज नाही म्हणालात ना तुम्ही... पहिल्या रविवारी मी मानलं. दुसऱ्या रविवारी मला संशय आला होता, आबा. आई मला न सांगता पंधरा दिवस कुठं राहणार? मी मावशीच्या पोराला फोन करू शकत होतो. सायलीला करू शकत होतो. नंबर काढून बसलो होतो मी..."

त्याने मातीचे ढेकूळ मुठीत चुरडले.

"आणि नाही केला. कारण उत्तर कळलं असतं, तर मला निघावं लागलं असतं. मला सिनेमा पुरा करायचा होता." आता त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्या पुसायचे त्याला भान नव्हते. "हे मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. त्यापेक्षा तुमच्यावर सिनेमा काढणं सोपं होतं, आबा!"

मारुतरावांनी लेकाकडे वळून पाहिले. जगाने गौरवलेला, पिकल्या केसांचा तो माणूस त्यांना एकाएकी फार जवळचा वाटला... स्वतःसारखा! रागावावे असे काही त्यांना आत सापडेना. ते मातीवरून सरकत त्याच्याजवळ गेले आणि त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी नवा सिनेमा करतो," रविराज म्हणाला. "खरं सगळं सांगतो त्यात."

"नगं," मारुतराव म्हणाले. "आता नगं. पिच्चर लई झालं."

"मग काय करू, आबा?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. रविराज अगदी हळू म्हणाला,

"तो दिवस मला ठाऊकच नाही. मी सगळा मनानं रचलाय. तुम्ही सांगता का?... गुरुवारचा?"

त्या दिवसाबद्दल मारुतरावांना आजवर कुणी विचारलेच नव्हते.

"सकाळी तिला बरं वाटत हुतं," ते सांगू लागले. "म्हणली, केस विंचरा माझं. मला कुठं येतंय? मी आपली वाकडीतिकडी येणी घातली, तर हसली... नर्सबाईला म्हणली, बघा वं, ह्यांनी घातलीया. मग दुपारी सायली गेली, आन्..."

"थांबा, आबा," रविराज त्यांचा हात घट्ट धरत म्हणाला. "हळू सांगा. केसांचं पुन्हा सांगा. मला कुठं जायचं नाही आता."